नवोदयचा उन्हाळी निवासी क्लास: ४५ दिवस, २६ हजार रुपये, आमचा अनुभव (साडेतीन स्टार)

आधी सरळ सांगते, पोरगी लागली. सहावीला नवोदयच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेच्या, यादीत तिचं नाव आलं, त्यामुळे हा रिव्ह्यू म्हणजे नंबर न लागलेल्या आईचा राग आहे असं कुणी समजू नका. क्लासचं नाव मात्र लिहीत नाही, आमचा तालुका लहान आहे अन् तिथले सर झेरॉक्सला माझ्याच दुकानात येतात. तसंही सोलापूर जिल्ह्यात काय नि बीड-धाराशिवमध्ये काय, प्रत्येक तालुक्याच्या गावात असे दोन-तीन क्लास असतातच, मंगल कार्यालयासारखा मोठा हॉल, वर पत्रा, बाहेर मागच्या वर्षीच्या पोरांच्या फोटोंचा फ्लेक्स.

माझं दुकान झेरॉक्स अन् ऑनलाइन फॉर्मचं. दरवर्षी पावसाळ्यात नवोदयचे फॉर्म सुरू झाले की गर्दी उसळते. फॉर्मला सरकार एक रुपया घेत नाही, मी स्कॅनिंग-अपलोडचे ५० घेते. मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचा दाखला, पोराचा फोटो, पोराची सही, पालकाची सही, सगळं ठरलेल्या केबीत बसवायचं, त्यामुळे नियम मला तोंडपाठ आहेत. आणि म्हणूनच मला या क्लासबद्दल नुसतं जेवण बरं होतं, सर चांगले होते एवढं लिहून थांबता येत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जिल्ह्याला एक नवोदय, सहावीला जास्तीत जास्त ८० जागा, त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण भागातल्या मुलांना, एक तृतीयांश मुलींना. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं सगळं फुकट, नववीपासून महिन्याला ६०० रुपये विकास निधी, तोही मुलींना माफ. परीक्षा पाचवीत असताना, आयुष्यात एकदाच, दोन तासांचा एकच पेपर, ८० प्रश्न अन् १०० मार्क. एवढ्याशा चिंचोळ्या दारातून अख्खा जिल्हा आत घुसायला बघतो, मग क्लास निघणारच की.

आता क्लासचं. १ मे ते १४ जून अशी बॅच, फी २६ हजार, त्यात राहणं-जेवण-नोट्स-टेस्ट सगळं आलं. दोन हप्ते मागितले तर दिले, वर शब्द नाही केला, ही चांगली गोष्ट. पोरी वरच्या मजल्यावर, सोबत झोपायला एक मावशी, त्या मावशींना माझे पाच स्टार वेगळे, पहिल्या आठवड्यात रडणाऱ्या पोरींना त्यांनीच सांभाळलं, दहा वर्षांची लेकरं हो ती. जेवण साधंच, सकाळी पोहे नाहीतर उप्पीट, दुपारी चपाती-भाजी-वरणभात, रविवारी गोड. वरणात पाणी जास्त असतं असं पोरगी म्हणायची, पण ते ती घरीही म्हणते. साठ मुलांना चार बाथरूम, यात सुधारणा पाहिजेच. मे महिन्यात पत्र्याखाली पंख्याचं वारं गरमच लागतं, कूलर लावू म्हणून सांगितलं होतं तो बॅच संपायच्या आठ दिवस आधी आला.

शिकवण्यात खरी ताकद बुद्धिमत्तेच्या सरांची. माणूस जादूगार आहे. आरशातली प्रतिमा, कागदाची घडी घालून भोक पाडलं तर उघडल्यावर कसं दिसेल, मोठ्या आकृतीत लपलेली छोटी आकृती शोधा, वेगळी आकृती ओळखा, असले दहा प्रकार, प्रत्येकाचे चार प्रश्न. सर खरंच कागद घेऊन घड्या घालून कात्रीने भोकं पाडून दाखवायचे, पोरांच्या हातात आरसे द्यायचे. पहिल्या रविवारच्या टेस्टला आमच्या पोरीचे बुद्धिमत्तेत ४० पैकी १७ बरोबर होते, शेवटच्या रविवारी ३७. तेवढ्याच दिवसांत गणितात २० पैकी १२ वरून १४ झाले. भाषेचे सर उतारा वाचून दाखवतात अन् उत्तर सांगतात, झालं, ते काही शिकवणं नव्हे.

इथंच माझं डोकं फिरलं. ४० प्रश्न म्हणजे ५० मार्क, अर्धा पेपर आकृत्यांचा. यात अक्षर नाही, धडा नाही, इंग्रजी नाही, म्हणजे शेतमजुराच्या पोराला आणि बँक मॅनेजरच्या पोराला सारखंच कोरं, असंच यामागे असणार ना? कल्पना म्हणून चांगली आहे. पण हा विषय पाचवीच्या कुठल्याच पुस्तकात नाही, शिष्यवृत्तीची तयारी करून घेणारे गुरुजी असतील त्या शाळेत थोडाफार कळतो, बाकी वस्तीवरच्या पोराला ती घडी घातलेल्या कागदाची आकृती पहिल्यांदा दिसते ती थेट परीक्षेत. आणि ४५ दिवसांत सगळ्यात जास्त कशात फरक पडतो तर यातच. गणित पाच वर्षांचं साचलेलं असतं, ते दीड महिन्यात फार हलत नाही, आकृत्या हलतात. म्हणजे ज्या भागात पैसा चालू नये म्हणून तो ठेवला तिथंच २६ हजार सगळ्यात जोरात चालतात. आमचे चालले ना.

क्लासने फसवलं का? अजिबात नाही, उलट सांगितलं तेच दिलं.

दुसरी गोष्ट ऑफिसातली. चौकशीला गेले तेव्हा पहिला प्रश्न फीचा नव्हता, "मॅडम, पोरगी कुठल्या शाळेत आहे?" हा होता. मी म्हटलं गावातल्या झेडपीत, तर ते म्हणाले, मग काही टेन्शनच नाही. माझ्या शेजारी एक जोडपं बसलं होतं, त्यांचा मुलगा नगरपालिका हद्दीतल्या इंग्लिश मीडियमला. त्यांना हळू आवाजात सांगितलं गेलं की तिसरीपासूनच नाव खेड्यातल्या शाळेत हलवायला पाहिजे होतं, आता उशीर झाला, पण धाकटा असेल तर सांगा, आपली ओळख आहे, नाव तिकडं राहील अन् पोरगं इथं आमच्या डे-बॅचला बसेल. नियम असा आहे की ग्रामीण कोटा पाहिजे तर तिसरी, चौथी, पाचवी तिन्ही वर्षं ग्रामीण शाळेतच झाली पाहिजेत, शहरी शाळेत एक दिवस जरी बसला तरी शहरी धरतात. नियम कडक आहे, त्यामुळे तो कागदावर पाळला जातो. माझ्याकडे फॉर्म भरायला येतात तेव्हा मला कळतं की, पोराच्या अंगात तालुक्यातल्या क्लासचा टी-शर्ट असतो अन् दाखला बारा किलोमीटरवरच्या गावचा. मी काय बोलणार, सही-शिक्का खरा आहे, मी ५० रुपये घेते अन् अपलोड करते.

(खरा खेड्यातला पोरगा अन् हा कागदावरचा खेड्यातला पोरगा एकाच कोट्यात एकमेकांविरुद्ध लढतात हे कुणाच्या लक्षात येतं का देव जाणे.)

तिसरी तक्रार, आणि ही मी सरांना तोंडावर सांगितली आहे. दर रविवारी टेस्ट झाली की रात्री पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर १ ते ६० नंबरची यादी, नावासकट. सोमवारपासून बसायची जागाही नंबरानुसार. शेवटच्या बाकावरची एक मुलगी दोन रविवारनंतर जेवेचना, तिच्या आईने नेलं घरी. फी परत मिळाली का विचारलं तर अर्धी मिळाली म्हणाल्या. सरांचं म्हणणं, बाहेर यापेक्षा जास्त स्पर्धा आहे, सवय झाली पाहिजे. अहो पण दहाव्या वर्षी? यासाठी एक स्टार कापलाय.

आमचे एक चुलत दीर अमेरिकेत व्हर्जिनियात फेअरफॅक्स काउंटीला असतात, त्यांना फोनवर हे सगळं सांगितलं तर हसायला लागले, म्हणाले वहिनी, आमच्याकडेही हेच. तिथं थॉमस जेफरसन नावाचं सरकारी हायस्कूल आहे, सायन्स-टेक्नॉलॉजीचं, तिथं नंबर लागावा म्हणून आपल्या लोकांची पोरंही सहावी-सातवीपासून क्लास करतात. २०२० च्या शेवटी तिथल्या स्कूल बोर्डाने प्रवेश परीक्षाच काढून टाकली, १०० डॉलरची अर्ज फीही काढली, आणि प्रत्येक मिडल स्कूलला तिथल्या आठवीच्या दीड टक्का मुलांएवढ्या जागा राखून ठेवल्या. मार्क, निबंध आणि घरची परिस्थिती असं बघून निवड. पहिल्याच वर्षी आशियाई मुलांचं प्रमाण ७३ टक्क्यांवरून ५४ वर आलं. पालक कोर्टात गेले, २०२२ मध्ये खालच्या कोर्टात जिंकले, २०२३ मध्ये वरच्या कोर्टात हरले, अन् फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाने केस ऐकायलाच नकार दिला. दीर म्हणतात परीक्षा हीच सगळ्यात स्वच्छ, जाऊबाई म्हणतात दरवर्षी त्याच चार शाळांतली पोरं जात असतील तर ती कसली स्वच्छ. दोघांचं फोनवरच जुंपलं, मी आपली ऐकत होते, बिल त्यांचंच.

पण त्या दीड टक्क्याची गोष्ट डोक्यात राहिली. आपल्याकडे झेडपी शाळांची केंद्रं असतात, एकेका केंद्रात दहा-बारा शाळा. ग्रामीण जागांपैकी अर्ध्या जरी केंद्राकेंद्राला वाटून दिल्या, आळीपाळीने का होईना, तर वस्तीवरच्या पोराची लढत शेजारच्या वस्तीवरच्या पोराशी होईल, माझ्या पोरीशी नाही. अर्थात मग लोक सगळ्यात कमजोर केंद्र शोधून तिथं नावं घालतील, आणि त्यांचे फॉर्म कोण भरेल? मीच! तेव्हा हाही काही रामबाण नाही. पण आकृत्यांचा एक तास आठवड्याला प्रत्येक झेडपी शाळेत चौथीपासून ठेवायला तर कुणाची हरकत नसावी, त्याला ना कोर्ट लागतं ना कोटा.

मी माझ्यापरीनं एक केलं ते सांगते, सरांनी वाचलं तर वाचलं. क्लासच्या नोट्सवर प्रत्येक पानाला शिक्का असतो, झेरॉक्स काढण्यास सक्त मनाई. मी झेरॉक्सवाली, माझ्यापुढं हा शिक्का! जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर मळ्यातल्या वस्तीवरच्या शाळेच्या गुरुजींना दोन सेट काढून दिले, फुकट. त्यांच्याकडे पाचवीत दोघंच पोरं बसणार होती. त्यातला एक पोरगा, वडील दूध घालतात, डेअरीवर फॅट आणि लिटरचा हिशोब तोंडी करतो, आमच्या पोरीला कागद-पेन लागतं. गुरुजींनी शाळा सुटल्यावर थांबून शिकवलं. दिवाळीच्या सुट्टीत ते दुकानात आले अन् म्हणाले, ताई, छायांकित आकृत्या सगळ्या काळ्या आल्यात हो, कुठला भाग रेघांचा अन् कुठला ठिपक्यांचा कळत नाही. माझ्या झेरॉक्स मशीनचा ड्रम त्या महिन्यात खराब होता. नवीन काढून देते म्हटलं, दिलेही, पण तेव्हा नोव्हेंबर लागला होता.

परीक्षा १८ जानेवारी २०२५ ला झाली, शनिवार, साडेअकरा ते दीड. सेंटरबाहेर तीन क्लासवाले पोरांना पेन अन् पाण्याच्या बाटल्या वाटत होते, प्रत्येक बाटलीवर आपापलं स्टिकर. मार्चअखेरीस निकाल आला. आमच्या पोरीचं नाव होतं. वस्तीवरच्या दोघांचंही नव्हतं. गुरुजींनी फोन करून पोरीचं अभिनंदन केलं, मला काय बोलावं सुचलं नाही.

मग फ्लेक्सचा सीझन. आमच्या क्लासच्या फ्लेक्सवर ३१ फोटो, समोरच्यावर २७, बाजारतळाच्या कोपऱ्यावर ४०. बेरीज केली तर ९८, आणि अख्ख्या जिल्ह्याच्या जागा ८०. आमच्याच पोरीचा फोटो दोन फ्लेक्सवर आहे, दुसऱ्या क्लासची तिनं फक्त एक फुकटची सराव परीक्षा दिली होती. फोटो काढा म्हणून सांगायला गेले तर म्हणाले, मॅडम, पोरगी सगळ्या तालुक्याची आहे.

तर ज्यांना जायचंच आहे त्यांच्यासाठी कामाचं. उन्हाळी बॅच बुद्धिमत्तेसाठी घ्या, पैसे वसूल होतात. वर्षभराची डे-बॅच घेऊ नका, शाळा बुडते अन् गणित तिथं काही विशेष होत नाही, आमची पोरगी नंतर फक्त रविवारी जायची. आठवड्याच्या यादीत पोरीचं नाव नको असं पहिल्याच दिवशी लेखी द्या, माझ्यानंतर दोघा पालकांनी दिलं अन् सरांनी ऐकलं. नाव हलवायची ऑफर आली तर ऐकून सोडून द्या. मच्छरदाणी, टॉर्च अन् बाथरूमसाठी वेगळी बादली सोबत द्या. आणि नोट्सची झेरॉक्स पाहिजे असेल तर दुकानात या, ड्रम बदललाय.