बर्नी गुंथर मालिका: चौदाही कादंबऱ्या वाचून झाल्यावर

फिलिप कर यांची बर्नी गुंथर मालिका गेले काही महिने माझ्यासोबत होती. एकूण चौदा कादंबऱ्या. पहिली १९८९ मध्ये आली आणि शेवटची २०१९ मध्ये, लेखक गेल्यानंतर. बहुतेक मी ई-बुकवर वाचल्या. आता सगळी मालिका मनात मुरली आहे, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

बर्नी हा बर्लिनच्या गुन्हे पोलिसांतला, म्हणजे क्रिपोतला माणूस. पहिल्या महायुद्धात लढलेला, तोंडाने फटकळ, कुणाच्याही चांगुलपणावर चटकन विश्वास न ठेवणारा. नाझी सत्तेवर आल्यावर तो नोकरी सोडतो, आधी हॉटेल आडलोनमध्ये सुरक्षेचं काम बघतो आणि मग खासगी गुप्तहेर होतो. बेपत्ता माणसं शोधणं हा त्याचा मुख्य व्यवसाय. १९३६ च्या बर्लिनमध्ये, ऑलिंपिकची तयारी चालू असताना, या धंद्याला तोटा नाही, कारण माणसं रोजच नाहीशी होताहेत आणि त्यांना नाहीसं करणारं सरकारच आहे.

एरवीच्या रहस्यकथेत खुनी सापडला की विस्कटलेली घडी बसते. इथे खुनी सापडतो, पण त्याला द्यायचं कुणाच्या ताब्यात? पुढे पुन्हा पोलिसांत परतलेल्या बर्नीचा वरिष्ठ आर्थर नेबे हा इतिहासातला खरा माणूस. तो क्रिपोचा प्रमुख होता आणि १९४१ मध्ये त्याने आइनझात्सग्रुपे बी या नाझींच्या फिरत्या हत्या पथकाचं नेतृत्व केलं. त्या वर्षीच्या नोव्हेंबरपर्यंत आपण ४५ हजारांहून अधिक माणसं मारल्याचं या पथकाने स्वतःच वर कळवलं होतं. असा माणूस एका खुनाचा अहवाल मागतो, त्यातल्या चुका दाखवतो, पुराव्याबद्दल काटेकोर असतो. ती पानं वाचताना अंगावर काटा येतो.

या मालिकेतलं मला सर्वांत मोलाचं वाटलेलं पुस्तक म्हणजे 'अ मॅन विदाउट ब्रेथ'. काळ १९४३, जागा रशियातल्या स्मोलेन्स्कजवळचं कातिनचं जंगल. बर्नी आता जर्मन सैन्याच्या युद्धगुन्हे चौकशी कार्यालयात आहे. असं कार्यालय खरोखरच होतं. जंगलात पोलिश अधिकाऱ्यांची सामूहिक थडगी सापडतात. १९४० मध्ये स्टालिनच्या गुप्त पोलिसांनी कातिन आणि इतर ठिकाणी मिळून सुमारे २२ हजार पोलिश कैदी मारले होते. म्हणजे या वेळी नाझी सांगत होते ते खरं होतं. पण नाझी प्रचारमंत्री गोबेल्सला ते सत्य हवं होतं दोस्त राष्ट्रांमध्ये फूट पाडायला. त्याचा काही उपयोगही झाला, कारण एप्रिल १९४३ मध्ये स्टालिनने लंडनमध्ये आश्रय घेतलेल्या पोलिश सरकारशी संबंध तोडले. सोव्हिएत युनियनने जबाबदारी मान्य केली ती थेट १९९० मध्ये. प्रामाणिक तपास करावा आणि तो खुन्यांच्याच हातातलं शस्त्र व्हावा, ही कोंडी इतक्या ताकदीने मांडलेली मी दुसरीकडे वाचलेली नाही. हे पुस्तक संपल्यावर कितीतरी दिवस पुढचं उघडवेना.

हे सगळं कादंबरीकाराने फुगवलंय असं वाटू नये म्हणून मी त्या काळाचा इतिहासही सोबत वाचत गेलो. १९४० आणि ४१ मध्ये बर्लिनच्या लोकल गाड्यांच्या परिसरात पाउल ओगोर्झोव नावाच्या माणसाने आठ बायकांचे खून केले. हवाई हल्ल्यांपासून बचावासाठी दिवे बंद ठेवायचे, त्या ब्लॅकआउटचा अंधार त्याच्या पथ्यावर पडला. पोलिसांचा संशय सुरुवातीला परदेशी मजुरांवर. खुनी निघाला रेल्वेचा कर्मचारी आणि नाझी पक्षाचा सदस्य.

त्याहून अस्वस्थ करणारी हकीकत कोनराड मॉर्गन याची. हा एसएसचा, म्हणजे छळछावण्या चालवणाऱ्या नाझी निमलष्करी संघटनेचा न्यायाधीश. बुखेनवाल्ड छळछावणीचा कमांडंट कार्ल कोख याच्यावर त्याने अफरातफरीचा आणि कैद्यांच्या खुनाचा खटला उभा केला, आणि एप्रिल १९४५ मध्ये एसएसनेच कोखला गोळ्या घातल्या. वरून हुकूम आलेली हत्या मात्र त्या न्यायालयाच्या कक्षेतच येत नव्हती. परवानगीशिवाय मारलं तर गुन्हा, हुकमाने लाखो मारले तर प्रशासन! मॉर्गनबद्दल वाचल्यावर बर्नी अतिशयोक्त वाटणं बंद होतं.

आता उणिवा. बर्नीच्या टोमण्यांचा आणि उपमांचा मारा सलग वाचताना थकवतो, म्हणून दोन पुस्तकांच्या मध्ये थोडे दिवस जाऊ द्यावेत. बायकांची पात्रं बहुतेक ठिकाणी सुंदर, गूढ आणि लवकर नाहीशी होणारी आहेत, हे मला शेवटपर्यंत खटकलं. युद्धानंतर अर्जेंटिना आणि क्यूबापर्यंत पसरलेली कथानकं बर्लिनइतकी घट्ट विणलेली नाहीत. शिवाय एसएस आणि पोलिसांच्या हुद्द्यांचा गोंधळ होतो. ई-बुकमधला शब्दकोश तिथे फारसा कामाला येत नाही, तेव्हा हुद्दे एका कागदावर उतरवून घ्या.

क्रमाबद्दल माझं मत पक्कं आहे: कथेच्या कालक्रमाने वाचू नका, प्रकाशनाच्या क्रमाने वाचा. पहिल्या तीन एकामागून एक घ्या. त्या १९३६ चं बर्लिन, १९३८ चं बर्लिन आणि युद्धानंतरचं बर्लिन व व्हिएन्ना अशा जातात. 'फील्ड ग्रे' चुकवू नका, कारण त्यात १९४१ च्या पूर्व आघाडीवर बर्नी स्वतः गणवेशात आहे आणि त्याच्या हातांना काय लागलं याचा हिशेब लेखक टाळत नाही. 'मेट्रोपोलिस' मात्र शेवटीच वाचा. ती १९२८ मधली, बर्नीच्या सुरुवातीच्या दिवसांची गोष्ट. तिच्यात बर्लिन पोलिसांचे ज्यू उपप्रमुख बर्नहार्ड वाइस भेटतात. १९३३ मध्ये या माणसाला देश सोडून पळावं लागलं. आधीच्या तेरा पुस्तकांनंतर त्यांना कामात गढलेलं पाहणं फार जड जातं.

मुलींवरच्या अत्याचारांची वर्णनं सहन होत नसतील तर दुसरी कादंबरी, 'द पेल क्रिमिनल', वगळली तरी चालेल. पुढचं समजायला अडचण येत नाही.