फॅरिंक्स बघायचाय, मग कुठला गोलकृमी घेऊ?

गोलकृमींच्या फॅरिंक्सवर, म्हणजे अन्न आत ओढणाऱ्या घशाच्या स्नायूंच्या नळीवर, प्रोजेक्ट करायचा म्हटलं की सी. एलेगन्स, प्रिस्टिऑन्कस पॅसिफिकस आणि अ‍ॅस्कॅरिस (आतड्यात राहणारा जंत) ही तीन नावं समोर येतातच. पण आधी तुमच्याकडे मायक्रोस्कोप कुठला आहे ते बघा, निम्मा निर्णय तिथेच होतो.

डीआयसी (न रंगवता पारदर्शक गोष्टी उठावदार दाखवणारा मायक्रोस्कोप) असेल तर माझं मत सरळ सी. एलेगन्सला. जेमतेम १ मिमीचा पारदर्शक जीव, कापायचं नाही, रंगवायचं नाही, अगारच्या पातळ थरावर ठेवला की जिवंतपणीच सगळं दिसतं, म्हणजे पुढची नळी, मधला फुगा, मग बारीक मान आणि शेवटच्या फुग्यात ग्राइंडर, क्यूटिकलचं (कृमीच्या कडक आवरणाचं) इवलंसं जातंच ते, बॅक्टेरिया तिथे भरडले जातात. वैताग एकच, समोर खाणं असलं की मिनिटाला २०० च्या वर पंपिंग चालतं, फोटो हलतोच, त्यामुळे बेशुद्ध करून घ्या. शिवाय माहिती तयार आहे. अल्बर्टसन आणि थॉमसन यांनी १९७६ मध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या सलग सेक्शन्सवरून (पातळ कापांवरून) फॅरिंक्सच्या २० न्यूरॉन्सचं (चेतापेशींचं) वायरिंग मांडून ठेवलंय. आणि हे सगळे न्यूरॉन्स लेझरने मारले तरी पंपिंग थांबत नाही, हे मला अजूनही भारी वाटतं!

प्रिस्टिऑन्कसमध्ये न्यूरॉन्स तितकेच, २०, पण जोडण्या वेगळ्या आणि ग्राइंडर गायब. त्याच्या बदल्यात तोंडात दात. एकाच जातीत दोन प्रकार निघतात, अरुंद तोंडाचा, ज्याला वरच्या बाजूला एकच दात, आणि रुंद तोंडाचा, ज्याला समोर आणखी एक मोठा दात असतो आणि तो दुसऱ्या कृमींना फाडून खातो. उत्क्रांती हा विषय असेल तर हाच घ्या, अन्न कसं भरडलं जातं ते बघायचं असेल तर उपयोग नाही.

साधाच मायक्रोस्कोप असेल तर अ‍ॅस्कॅरिसची रंगवलेली तयार स्लाइड बरी. आडव्या सेक्शनमध्ये तीन कोनांची पोकळी आणि तिच्यापासून बाहेर पसरलेले स्नायुतंतू छान दिसतात. ते आकुंचन पावले की पोकळी उघडते, सैल पडले की आपोआप मिटते, मिटवायला वेगळे स्नायू नाहीतच. फुगे मात्र इथे शोधू नका, सरळ दंडगोल आहे. ताजा अ‍ॅस्कॅरिस आणून कापायच्या भानगडीत तर पडूच नका, त्याची अंडी सौम्य फॉर्मलिनमध्येसुद्धा जिवंत राहतात.