उपवासात लावलेला शुगर सेन्सर: कामाचा आहे, पण ग्लुकोमीटर जवळ ठेवाच

टाइप १ डायबिटीस आहे, इन्सुलिनवरच आहे, तरी यंदा उपवास धरायचाच होता म्हणून आधी डॉक्टरांना विचारून दंडावर हा १४ दिवसांचा सेन्सर लावला. बोटांची टोचून टोचून चाळण झाली होती, ती जरा वाचली. सगळ्यात भारी म्हणजे शुगर वर चाललीय की खाली ते दाखवणारा बाण, आकडा ९५ असला तरी बाण सरळ खाली असेल तर समजायचं गडबड आहे. दुपारी ७० च्या खाली जाऊन अलार्म वाजला, हात थरथरत होतेच, १५ ग्रॅम ग्लुकोज घेतलं आणि उपवास सोडला, देवाला नंतर समजावलं. पण पुढची १०-१५ मिनिटं आकडा खालीच, कारण हा रक्तातली नाही, त्वचेखालच्या द्रवातली शुगर मोजतो, ती जरा उशिरा बदलते. घाबरून अजून ग्लुकोज घेणार होतो, मीटरवर बघितलं तर ९२! सेन्सर लावलेल्या कुशीवर झोपलं की खोटा लो दाखवतो, रात्री दोनदा उठवलं राव. कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात वाढणारी आम्लं) मोजत नाही, त्याच्या पट्ट्या वेगळ्या घ्या. आणि बेसल (दिवसभर हळूहळू काम करणारं इन्सुलिन) डॉक्टरांनी फक्त कमी करून दिलं होतं, उपवास म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. चार स्टार, एक त्या किंचाळणाऱ्या अलार्मसाठी कापला.