हिस्टीरिया, वायवायझेड की व्हॉट्स गोइंग ऑन? अवघड गाणे निवडू पाहणाऱ्या हौशी बेसवादकासाठी

बेस गिटार हाती घेऊन तीन-चार वर्षे झाली की हौशी वादकाला एक अस्वस्थता जाणवू लागते. मित्रांच्या बँडमध्ये मूळ स्वर धरून साथ करता येते, लय सहसा सुटत नाही, आणि आता काहीतरी खरोखर अवघड बसवावे असे वाटू लागते. अशा वेळी पुण्यातल्या माझ्या ओळखीच्या वादकांकडून जी नावे मी सर्वांत जास्त ऐकली, त्यांतली तीन येथे शेजारीशेजारी ठेवली आहेत. ही तिन्ही गाणी मी कोथरूडमधल्या फ्लॅटमध्ये, नोकरी सांभाळून, रात्रीच्या जेवणानंतरच्या तासाभरात शिकण्याचा प्रयत्न केला आहे. एक बसले, एक अर्धे राहिले आणि एक अजून चालूच आहे. निवड करताना गाणे किती अवघड आहे यापेक्षा ते कोणत्या जातीचे अवघड आहे हे आधी पाहावे, असे माझे मत या अनुभवातून बनले.

म्यूझ या ब्रिटिश बँडचे ‘हिस्टीरिया’ 2003 च्या ‘अ‍ॅब्सोल्यूशन’ या अल्बममधले. बँडचा बेसवादक ख्रिस वोल्स्टनहोम याच्या बेसच्या रिफवरच, म्हणजे पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या स्वरतुकड्यावरच, त्याची कडवी उभी आहेत. त्याचा अवघडपणा हाताचा आहे. लय मिनिटाला सुमारे 93 ठोक्यांची, म्हणजे ऐकायला मध्यमच. पण प्रत्येक ठोक्यात चार स्वर असल्यामुळे मिनिटाला 370 च्या आसपास, म्हणजे सेकंदाला सहा स्वर छेडावे लागतात, आणि मध्ये दम घ्यायला जागा जवळजवळ नाही. पहिली वीस सेकंदे कोणालाही जमतात. दुसऱ्या कडव्यापाशी उजव्या हाताचा कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग लाकडासारखा कडक होतो आणि तेथे खरी परीक्षा सुरू होते.

या गाण्याची मोठी सोय अशी की प्रगती मोजता येते. मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक वेगाने टिकटिक करणारे लययंत्र, मिनिटाला 60 ठोक्यांवर लावावा, रिफ स्वच्छ निघाला की चारने वाढवावा, आणि आज 76 वर आहोत की 80 वर हे वहीत लिहून ठेवावे. नोकरदार माणसाला असा हिशेब फार धीर देतो. मला मूळ वेगाला पोहोचायला पाच महिने लागले, आणि त्यांतले तीन आठवडे फुकट गेले ते माझ्याच हट्टामुळे. दुखत असतानाही वेग वाढवत राहिलो आणि डावे मनगट असे धरले की डबा उघडतानाही कळ येऊ लागली. शिवाय मूळ ध्वनिमुद्रणातला आवाज भरपूर डिस्टॉर्शनचा, म्हणजे मुद्दाम फाटका आणि खरखरीत केलेला आहे, आणि डिस्टॉर्शन स्वरांचा लहानमोठेपणा सपाट करून टाकते. असा आवाज करणारे पायाने चालवायचे पेडल लावून सराव केला तर आपला हात समतोल चालतो आहे असा गोड गैरसमज होतो, म्हणून निदान पहिले दोन महिने पेडल कपाटातच असू द्यावे. एवढे करून हाती काय येते, तर दम, दोन्ही हातांचा मेळ आणि एका पट्टीतला एक रिफ. दुसऱ्या गाण्यात नेता येईल असे संगीत त्यात त्या मानाने थोडे आहे.

कॅनडाच्या रश या त्रिकुटाचे ‘वायवायझेड’ हे 1981 च्या ‘मूव्हिंग पिक्चर्स’मधले वाद्यसंगीत मात्र डोक्याला कामाला लावते. वाय, वाय, झेड हा टोरांटोच्या पिअर्सन विमानतळाचा संकेत आहे आणि त्या तीन अक्षरांचा मोर्स कोड हाच सुरुवातीचा ताल. मोर्समधली रेघ म्हणजे दोन मात्रांचा ‘धाऽ’ आणि टिंब म्हणजे एका मात्रेची ‘ति’ असे धरले, तर तो असा म्हणता येतो: धाऽ ति धाऽ धाऽ, धाऽ ति धाऽ धाऽ, धाऽ धाऽ ति ति. सात, सात आणि सहा अशा या वीस बारीक मात्रा होतात, म्हणजे चार-चार बारीक मात्रांचे पाच ठोके; पाश्चात्त्य लेखनात त्यालाच पाच-चारचे माप म्हणतात. मी हे बेसला हात न लावता, बसमध्ये बसून मांडीवर ठोके देत आधी तोंडपाठ केले आणि मगच तारांवर नेले. वीस हा आकडा झपतालाच्या दोन आवर्तनांएवढा असला तरी झपतालाची दोन-तीन-दोन-तीन ही विभागणी येथे लावू नये. मी लावली आणि आठवडाभर समेवर चुकत राहिलो. ढोल-ताशा पथकात ताशा वाजवलेल्यांना मात्र हा भाग आपल्यापेक्षा लवकर बसतो, असे मी पाहिले आहे.

मात्र सुरुवातीचा तुकडा म्हणजे सारे गाणे नव्हे. पुढे रशचा बेसवादक गेडी ली याचा बेस गिटारसोबत वेगवान धावा घेतो आणि मध्यावर बेस आणि ड्रम्स आळीपाळीने छोट्या जागा भरतात. तेथे समोर ड्रमर नसेल तर आपण प्रश्न विचारून आपणच उत्तर दिल्यासारखे होते. ध्वनिमुद्रणाबरोबर वाजवता येते, पण आपण घसरलो तर सावरून घेणारे कोणी नसते. तिघांनी एकत्र यायचे तर तासाच्या भाड्याने सरावाची खोली घ्यावी लागते, आणि एक हिंजवडीहून, दुसरा हडपसरहून निघाला की त्या तासातली पंचवीस मिनिटे वाहतुकीतच जातात. माझे गाणे अर्धे राहिले ते याच कारणाने. ड्रमर आणि गिटारवादक पक्के असतील तरच याच्या वाटेला जावे.

मार्विन गे याचे ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ हे 1971 चे गाणे या दोघांशेजारी ठेवले की अनेकांना आश्चर्य वाटते, कारण ते ऐकताना अवघड वाटतच नाही. वेग बेताचा, चाल गोड, बेस मागच्या बाजूला शांतपणे चाललेला. बेस वाजवला आहे डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या वादकांपैकी जेम्स जेमर्सन याने. तो मुळात उभा डबल बेस वाजवणारा. फेंडर प्रिसिजन या बेस गिटारवर आल्यावरही उजव्या हाताची केवळ तर्जनी वापरून छेडत असे आणि सपाट वेटोळ्यांच्या, म्हणजे बोटाला गुळगुळीत लागणाऱ्या, तारा लावत असे. त्यामुळे स्वर गोल, किंचित बोथट आणि माणसाच्या आवाजासारखा येतो.

येथला अवघडपणा कानाचा आहे. कडव्यात तेच स्वरसमूह पुन्हा येतात, पण जेमर्सन एकदा वाजवलेली जागा सहसा जशीच्या तशी पुन्हा वाजवत नाही. कधी मूळ स्वराआधी अर्ध्या स्वराने खालून चढतो, कधी जाता जाता मोकळी तार छेडून हाताला जागा बदलायला वेळ काढतो, कधी बोट नुसते टेकवून मुका ठोका देतो. बंदिश तीच ठेवून प्रत्येक आवर्तनात नवी उपज करणाऱ्या गवयाची आठवण पुणेकर श्रोत्याला यावी, असे ते काम आहे. टॅबवर, म्हणजे तार आणि पडदा आकड्यांनी दाखवणाऱ्या लेखनावर, बोट कोठे ठेवायचे ते कळते. स्वर किती वेळ धरायचा आणि नेमका केव्हा सोडायचा हे कळत नाही, आणि या गाण्यात सारे काही त्या सोडण्यात आहे. सहा महिन्यांनी मी माझे वादन फोनवर ध्वनिमुद्रित करून ऐकले. स्वर सगळे बरोबर होते आणि तरीही कोणी कारकुनाने सुवाच्य अक्षरात नक्कल करून ठेवावी तसे ते ऐकू येत होते.

त्यानंतर पद्धत बदलली. टॅब बाजूला ठेवली, गाणे पाऊणपट वेगाने लावून दोन-दोन आवर्तने आधी तोंडाने गायलो आणि ज्या जागा गाता आल्या तेवढ्याच वाजवल्या. आठवड्याला जेमतेम चार ओळी पुढे सरकत होत्या. पण त्याच काळात बँडमधल्या साध्या हिंदी गाण्यांची माझी साथ बदलली, आणि ते माझ्याआधी आमच्या गायिकेच्या लक्षात आले.

घरातल्या सोयीचा विचारही निर्णयात धरावा. बेसच्या सर्वांत जाड तारेचा मोकळा स्वर सुमारे 41 हर्ट्झचा असतो. फोनच्या स्पीकरमधून तो नीट ऐकूच येत नाही आणि अँपमधून, म्हणजे बेसचा आवाज मोठा करणाऱ्या अँप्लिफायरमधून, आला तर भिंतीपलीकडच्या काकूंना आपल्याआधी ऐकू जातो. चांगला हेडफोन अपरिहार्य आहे. जेमर्सनसाठी तेवढा पुरतो. ‘हिस्टीरिया’चा सरावही हेडफोनवर होतो, पण त्याची मजा मोठ्या अँपशिवाय येत नाही.

म्हणून ज्याला चार-पाच महिन्यांत कॉलेजच्या किंवा कंपनीच्या कार्यक्रमात वाजवून दाखवायचे आहे, त्याने ‘हिस्टीरिया’ घ्यावे. समोरच्यांना ते अवघड आहे हे कळतेही. पक्का ड्रमर ज्याच्या इमारतीत राहतो त्या भाग्यवंताने ‘वायवायझेड’ घ्यावे. एकट्याने, रात्री, कोणतीही तारीख डोक्यावर नसताना शिकणाऱ्याला मी ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ सुचवेन, मात्र ते एखाद्या दिवशी ‘झाले’ असे म्हणता येणार नाही याची तयारी ठेवूनच.

सुरुवात करण्याआधी एक चाचणी मात्र करावी. मेट्रोनोम 70 वर लावून एकाच तारेवर, ठोक्याला चार स्वर, सलग दोन मिनिटे वाजवावेत आणि ते ध्वनिमुद्रित करावेत. शेवटची वीस सेकंदे पहिल्या वीस सेकंदांसारखी ऐकू आली नाहीत, तर तिन्ही गाणी महिनाभर थांबू शकतात.