ग्राहक हेल्पलाइन १९१५ : तीस रुपयांची तक्रार

एका अ‍ॅपवरून पुणे-नागपूर बसचे तिकीट काढताना रकमेखाली, फिकट राखाडी अक्षरांत, २५ रुपयांचा विमा आणि ५ रुपयांची देणगी आधीच टिक करून ठेवलेली होती, आणि ती पैसे गेल्यावरच माझ्या लक्षात आली. केंद्राच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ज्या १३ फसव्या क्लृप्त्या नोंदवल्या आहेत, त्यांत न विचारता देणगी जोडण्याचाही समावेश आहे. मी आधी कंपनीकडेच तक्रार केली. ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तिची पोच ४८ तासांत मिळायला हवी. ती आली नाही, तेव्हा मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक फिरवला.

संभाषण मराठीतून झाले, तक्रार क्रमांक लगेच मिळाला आणि नवव्या दिवशी तीस रुपये परत आले. (फोन करणे तीस रुपयांसाठी नव्हतेच, हे घरी समजावणे अधिक कठीण गेले.)

ही सेवा कंपनीकडे तक्रार पोहोचवून पाठपुरावा करते, आदेश मात्र देऊ शकत नाही. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोग असून पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तेथे शुल्क लागत नाही. बाजारावरील वर्चस्वाच्या गैरवापराचा प्रश्न मात्र भारतीय स्पर्धा आयोगाचा आहे, ज्याने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइड प्रकरणी गूगलला १३३७.७६ कोटींचा दंड ठोठावला. हेल्पलाइनकडून तेवढी अपेक्षा ठेवू नये. बिलाचा स्क्रीनशॉट जवळ ठेवून फोन मात्र जरूर करावा.