गहू बंद करायचा का? सिलिअ‍ॅक आणि हाशिमोटो, दोघांचं उत्तर वेगळंय
सिलिअ‍ॅक आतड्याचा, हाशिमोटो थायरॉइडचा, पण दोन्ही ऑटोइम्यून आजार, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवावर उलटते, आणि दोन्हीत लोक पटकन सांगून मोकळे होतात की गहू सोड. सिलिअ‍ॅकमध्ये ते अगदी खरंय, ग्लूटेनमुळेच, म्हणजे गव्हातल्या प्रथिनामुळे, लहान आतड्याचं अस्तर खराब होतं, त्यामुळे तिथे पथ्य हेच औषध, तेही आयुष्यभर आणि शंभर टक्के. नुसती पोळी सोडून भागत नाही हो, बाजारातल्या बऱ्याच हिंगात गव्हाचं पीठ असतं, आणि गिरणीत गव्हाच्या मागून ज्वारी टाकली की त्या भाकरीतही ग्लूटेन आलंच, म्हणून जमत असेल तर घरी छोटी चक्की घ्याच. ग्लूटेन-फ्री पदार्थाला किलोमागे जेमतेम 20 मिलिग्रॅम ग्लूटेनची सूट असते, यावरून अंदाज घ्या.

हाशिमोटोत गहू सोडून थायरॉइड बरा होतो असा पक्का पुरावा नाहीये, तिथे थायरॉइडची गोळी रोज उपाशीपोटी घेणं जास्त महत्त्वाचं. पण हाशिमोटोवाल्यांमध्ये सिलिअ‍ॅक इतरांपेक्षा जास्त सापडतो, म्हणून पोट सारखं बिघडत असेल, लोहाच्या गोळ्या घेऊनही लोह वाढतच नसेल तर टीटीजीची, म्हणजे सिलिअ‍ॅक तपासायची, ब्लड टेस्ट करून घ्या, आणि प्लीज गहू चालू असतानाच करा, आधीच बंद केलात तर आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो.