डोंबिवली पश्चिम: सांगलीहून येऊन वर्षभर राहिल्यानंतरचा अनुभव

मुंबईत नोकरी लागली आणि कुठे राहावं असं कुणाला विचारलं, की लोक आधी भाडं सांगतात आणि मग किलोमीटर. वर्षभर राहून माझं पक्कं मत झालंय की हे दोन्ही नंतर बघायचं. आधी विचारायचं ते हे: त्या स्टेशनवरून तुमच्या कामाच्या वेळेला गाडी सुटते, की मागून भरून आलेली गाडी तिथे नुसती थांबते?

आमचं गणित असं होतं. माझं ऑफिस फोर्टला, नवऱ्याचं ऐरोलीला. म्हणजे एकाला सीएसएमटी आणि दुसऱ्याला ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणारी ट्रान्स-हार्बर लोकल. दोघांनाही सोयीचं पडेल आणि भाड्यात अर्धा पगार जाणार नाही असं ठिकाण हवं होतं. गेल्या उन्हाळ्यात आलो, डोंबिवली पश्चिमेला वन बीएचके भाड्याने घेतला. एक अख्खा पावसाळा, गणपती, दिवाळी असं सगळं इथे काढून झालं, म्हणून आता लिहिते आहे.

आधी सोडून दिलेल्या जागांबद्दल थोडक्यात. मुलुंड आवडलं होतं, पण आमच्या बजेटमध्ये तिथे वन आरके मिळत होता. खारघर-नेरूळ नवऱ्याला सोयीचं, मला मात्र हार्बरवर प्रत्येक स्टेशन घेत सीएसएमटीला जावं लागलं असतं. कळव्याला भाडं परवडत होतं, पण तिथे जलद गाडी क्वचितच थांबते. घोडबंदर रोडवरच्या इमारती देखण्या आहेत, जिम, बाग, सगळं आहे. पत्त्यात ठाणे असलं तरी कासारवडवलीच्या बाजूने सकाळी ठाणे स्टेशन गाठणं हाच एक वेगळा प्रवास होतो. वडाळा-कासारवडवली मेट्रोचं काम ज्या रस्त्यावर चाललंय तोच हा रस्ता. ज्यांचं ऑफिस ठाण्यातच आहे त्यांनी तिथे जरूर बघावं. रोज लोकल धरायची असेल तर नाही.

आता डोंबिवलीची गाडी. मध्य रेल्वेची लाइन कल्याणला फुटते, एक फाटा कसाऱ्याला आणि दुसरा कर्जत-खोपोलीला. त्या दोन्ही बाजूंनी येणाऱ्या गाड्या टिटवाळा, बदलापूर, अंबरनाथची माणसं घेऊन येतात आणि सकाळी डोंबिवलीला पोहोचेपर्यंत आत शिरायला जागा नसते. पण डोंबिवलीहून सुटणाऱ्या लोकलही आहेत, आणि मुंबईला जाणाऱ्यासाठी डोंबिवलीत राहण्याचं खरं मोल तेच आहे. इंडिकेटरवर गाडीच्या वेळेसमोर ती कुठून येतेय ते लिहिलेलं नसतं. त्यामुळे पहिल्या आठवड्यातच एम-इंडिकेटर हे लोकलच्या वेळा दाखवणारं ॲप बघून आपल्या वेळेतल्या 'डोंबिवली' गाड्या पाठ करून टाकाव्यात. जलद गाडीने सीएसएमटीला साधारण तास ते सव्वा तास लागतो.

सुटणारी गाडी म्हणजे बसायला जागा, असं मात्र समजू नका. दिवा-कोपरहून उलट, म्हणजे डोंबिवलीकडे येणाऱ्या त्याच गाडीत बसून आलेल्या बायका आधीच खिडकीत असतात. गाडी फलाटाला लागताना, थांबायच्या आतच, सराईत मुली आत उड्या मारतात. मी ते कधी केलं नाही आणि कुणी करू नये असं मनापासून वाटतं. आपल्या डब्याचा दरवाजा जिथे येतो ती जागा दोन-चार दिवसांत कळते. तिथे जरा लवकर जाऊन उभं राहिलं की पुरतं. आणि आत गेल्यावर लाज सोडून विचारायचं. आमच्या लेडीज डब्यात रोज ऐकू येणारा संवाद असा:

"ताई, कुठे उतरणार?"

"घाटकोपर. पण माझी जागा या मॅडमना सांगितलीय. त्या पिवळ्या ड्रेसवाल्यांना विचार, त्या ठाण्याच्या आहेत."

एवढ्यावर तुमची जागा ठरते. पुढे येणारी कुणीही ती मागू शकत नाही, आणि कुणी मागितलीच तर सगळा डबा तुमच्या बाजूने बोलतो. मला इथे ओळखी झाल्या त्या सोसायटीत नाही, अशा विचारपुशीतून झाल्या. पावसाळ्यात मला ताप आला तेव्हा 'दोन दिवस दिसली नाहीस' म्हणून पहिला फोन आला तो डब्यातल्या एका काकूंचा.

नवऱ्याला ठाण्यालाच उतरायचं असल्याने तो धीमी गाडी धरतो. कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा आणि ठाणे. काही मिनिटं जास्त जातात, पण ठाण्याला दारापर्यंत पोहोचण्यासाठी कुस्ती खेळावी लागत नाही. मग पूल चढून नऊ-दहा नंबरवर, तिथून ऐरोली अगदी जवळ. मध्ये फक्त दिघा गाव, २०२४च्या जानेवारीत सुरू झालेलं स्टेशन. त्याचा प्रवास माझ्या निम्मा आहे आणि तो संध्याकाळी आधी पोहोचतो, म्हणून रात्रीचा स्वयंपाक त्याच्याकडे आहे. दोघांच्या प्रवासाची वेळ आधी मांडून घर शोधलं, की अशा गोष्टीही आपोआप ठरतात.

गर्दीचं वर्णन गमतीने करायची इथे पद्धत आहे. मला ती पटत नाही. २०२५च्या जूनमध्ये मुंब्र्याजवळ भरलेल्या लोकलमधून पडून माणसं गेली, ती याच मार्गावर. दारात लटकण्यापेक्षा एक गाडी सोडावी. ऑफिसला उशिरा येण्याची सवलत मागता येत असेल तर पगाराच्या बोलणीतच मागून घ्यावी; तासभर मागेपुढे झालं तरी गाडीचा नूर बदलतो. आणि संध्याकाळी परतताना कर्जत-कसाऱ्याच्या गाडीत डोंबिवलीकरांनी घुसू नये. त्यांना तासाला मोजक्या गाड्या आहेत. आपल्याला कल्याण आहे, डोंबिवली आहे.

घर घेताना दुसरी गोष्ट पाहिली ती स्टेशनपासून दारापर्यंतचा टप्पा. जाहिरातीतली 'पाच मिनिटं' रविवारी दुपारी रिक्षाने मोजलेली असतात. तुम्ही मोजायची ती कामाच्या दिवशी, संध्याकाळी सात-आठला, गाडीतून उतरून. शेअर रिक्षाची रांग किती वळणं घेते, रस्त्यात पाणी तुंबतं का, शेवटच्या गल्लीत दिवे आहेत का, सगळं तेव्हाच दिसतं. आम्ही पायी वीस मिनिटांच्या आतलं घर घेतलं आणि त्यासाठी लिफ्ट नसलेली जुनी इमारत, तिसरा मजला हे पत्करलं. पावसात रिक्षा मिळत नाही तेव्हा हा निर्णय रोज सार्थकी लागतो. खाडीकडच्या बाजूला, रेतीबंदर-मोठागावकडे नव्या इमारती स्वस्त आहेत, मोकळी हवाही आहे, पण तिथून रोज रिक्षा आलीच.

पूर्व की पश्चिम, यावर इथले लोक तासन्‌तास बोलू शकतात. पूर्वेला फडके रोड, गणेश मंदिर, टिळकनगर, चांगल्या शाळा, पुस्तकांची दुकानं. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेची प्रथा याच गावाने घातली आणि ती पुढे राज्यभर गेली. दिवाळीच्या पहिल्या सकाळी फडके रोडवर सगळी तरुण मुलं नटून जमतात. आम्ही दोघंही गेलो होतो, आणि आपलं गाव सोडून आल्याचं वाईट वाटणं त्या दिवशी बरंच कमी झालं. २०१७चं मराठी साहित्य संमेलन इथे भरलं होतं. सावित्रीबाई फुले कलामंदिरात नाटक बघून चालत-रिक्षाने घरी येता येतं, यासाठी आम्ही मुंबईच्या कुठल्याही उपनगराशी सौदा करणार नाही. पश्चिम त्या मानाने साधी, बाजारपेठेची आणि थोडी स्वस्त. मात्र पूर्व-पश्चिम गाडीने जायचं तर कोपर पूल किंवा ठाकुर्लीचा पूल, आणि दोन्हीकडे कोंडी. मुलांची शाळा पूर्वेला असेल तर घरही पूर्वेलाच बघावं.

पूर्वेला घर बघताना एमआयडीसीच्या कारखान्यांपासूनचं अंतर नीट बघा. निवासी विभागातले बंगले, झाडं, रुंद रस्ते बघून मन जातं. पण रासायनिक वासाची तक्रार तिथली रोजची आहे, आणि २०१६च्या व २०२४च्या मे महिन्यातले स्फोट लोक विसरलेले नाहीत. मला दम्याचा त्रास आहे, म्हणून ती बाजू आम्ही बघितलीच नाही.

पाणी. एजंट 'चोवीस तास पाणी' म्हणतो त्याचा अर्थ टाकीत साठवलेलं पाणी चोवीस तास, एवढाच. आमच्याकडे कल्याण-डोंबिवली महापालिकेचं पाणी ठरावीक वेळ येतं, खालच्या टाकीत पडतं आणि पंपाने वर चढतं. दुरुस्तीसाठी पुरवठा बंद ठेवायचा दिवस आधी जाहीर होतो, त्याच्या आदल्या रात्री पिंप भरायचं. आमचं एवढ्यावर भागलं. पण २०१५ साली पालिकेत आलेल्या २७ गावांच्या पट्ट्यात, अगदी नव्या टॉवरमध्येही, पाण्याची ओरड आहे. घर बघायला जाल तेव्हा एजंटला पुढे जाऊ द्या आणि वॉचमनकाकांपाशी थांबा. टँकर येतो का, कितीदा येतो, त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये धरतात की वेगळे, हे तीनच प्रश्न. आम्ही एक सुरेख फ्लॅट याच उत्तरांवरून सोडला.

वीज महावितरणची, पावसाच्या सुरुवातीला जाते, येते. घरून काम असेल तर इन्व्हर्टर धरून चाला. डास आहेत, जाळ्या लावून घ्या. भाजी, मासे, पोळी-भाजी केंद्रं, दवाखाने याबाबतीत काहीच अडलं नाही.

भाडं १६ हजार, अनामत वेगळी, एजंटला एक महिन्याचं भाडं. करार अकरा महिन्यांचा आणि नोंदणीकृत. नोंदणी कायद्यानेच करावी लागते आणि ती जबाबदारी मालकाची आहे, तरी 'नोटरी पुरे' म्हणणारे भेटतात. तिथे थांबू नये. पोलीस पडताळणीची पावती आणि सोसायटीचं पत्र चावी घेण्याआधी हातात असू द्या. सांगलीला आमच्या घरी भाडेकरू राहिले ते ओळखीवर. इथे कागद लागतो आणि तो दोघांच्याही भल्याचा आहे.

आता इथेच विकत घ्यायचं मनात आहे, आणि तिथे मी फार सावध आहे. बनावट परवानगीच्या कागदांवर महारेराची, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाची, नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारतींचं प्रकरण याच महापालिकेच्या हद्दीतलं. २०२४मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितल्या. आत राहणाऱ्यांनी कर्ज काढून घरं घेतली होती. म्हणून महारेराचा क्रमांक दिसला की झालं, असं मानायचं नाही. बांधकाम परवानगीचा क्रमांक घेऊन पालिकेच्या नगररचना विभागात तो खरा आहे का ते स्वतः विचारायचं, वकिलाकडून सातबारा आणि मालकी तपासून घ्यायची, आणि मगच टोकन द्यायचं. आम्ही दोन इमारतींची चौकशी सुरू केली आहे, दोन्ही स्टेशनपासून पायी अंतरावर. तोवर मालकांनी करार वाढवून दिलाय, भाड्यात हजार रुपयांची भर घालून.